चुकांची वही

(परिचारिका, नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



आतापर्यंत या व्यासपीठावर गुणवंतांचे सत्कार झाले, टाळ्या झाल्या, छायाचित्रे निघाली. त्यानंतर बोलायला उभे राहणाऱ्याने अपयशाचा विषय काढावा, हे काहींना अशुभ वाटेल. परंतु आयोजकांनी मला बोलावले आहे ते त्यासाठीच. त्यांनी मला सांगितले की, या सभागृहात अशा काही मुली बसल्या आहेत, ज्या परदेशी परवाना परीक्षेला एकदा, दोनदा बसल्या आणि उत्तीर्ण झाल्या नाहीत. त्यांची नावे आयोजकांनाही ठाऊक नाहीत, कारण त्यांनी ती कोणालाच सांगितलेली नाहीत. आजचे बोलणे त्यांच्याशी आहे. बाकीच्यांनी ऐकावे, विशेषतः आईवडिलांनी आणि सासूसासऱ्यांनी.

मी वैद्यकातला माणूस नाही. कला शाखेची पदवी घेऊन वृत्तपत्रात आयुष्य गेले. रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा पट्टासुद्धा मला धड गुंडाळता येत नाही. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, ते माझ्या भाचीमुळे. तिच्याच परवानगीने तिची गोष्ट सांगतो. तिने एकच अट घातली आहे, नाव घ्यायचे नाही.

भाचीने महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंग केले आणि पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात पाच वर्षे काम केले. त्या पाच वर्षांत २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे आली. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात काय परिस्थिती होती, हे येथे बसलेल्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. बारा बारा तास ते प्लास्टिकचे कपडे अंगावर, पाणी प्यायचे नाही, आणि एका पाठोपाठ एक व्हेंटिलेटरवरचे रुग्ण. तिच्या हातात त्या काळात किती माणसे जगली आणि किती गेली, याचा हिशेब तिने कधी सांगितला नाही. आम्हीही विचारला नाही. पुढे विवाह झाला, २०२२ मध्ये ती अमेरिकेत न्यू जर्सीला गेली. तेथे नोकरी करावयाची तर परवाना हवा आणि परवान्यासाठी परीक्षा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती बसली आणि नापास झाली. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा बसली. पुन्हा नापास.

जी मुलगी व्हेंटिलेटर चालवीत होती, ती संगणकावरच्या प्रश्नांत नापास कशी होते? हा प्रश्न आमच्या घरात सर्वांना पडला. तिला स्वतःला तर तो दिवसरात्र पडत होता.

ही परीक्षा म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. कारण आपल्याकडे असे काही नसते. आपल्या येथे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम उत्तीर्ण झाला की महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते आणि मुलगी सेवेला पात्र ठरते. अमेरिकेत पदवी निराळी आणि परवाना निराळा. तेथील सर्व राज्यांच्या परिचर्या मंडळांची मिळून एक राष्ट्रीय परिषद १९७८ पासून आहे. तिच्यातर्फे ही परीक्षा होते. तिचे रूढ नाव 'एनक्लेक्स'. अमेरिकेत शिकलेली मुलगी असो की भारतात, केरळात, फिलिपाइन्समध्ये शिकलेली असो, सर्वांना एकच परीक्षा. २०० डॉलर शुल्क, शिवाय राज्याचे शुल्क वेगळे, आणि त्याआधी पदवीच्या कागदपत्रांची छाननी. २००५ पर्यंत ही परीक्षा देण्यासाठी अमेरिकेच्या भूमीवरच जावे लागे. पुढे भारतातही केंद्रे झाली, त्यात मुंबई आहे.

१९९४ पासून ही परीक्षा संगणकावर होते, आणि तो संगणक मोठा चमत्कारिक आहे. तुम्ही उत्तर बरोबर दिले की तो पुढचा प्रश्न अधिक अवघड देतो. चुकलात की थोडा सोपा देतो. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही. तुमची पातळी उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री पटली की तो मध्येच थांबतो आणि पडदा कोरा होतो. सध्याच्या, म्हणजे एप्रिल २०२३ पासूनच्या स्वरूपात कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, पाच तासांची मर्यादा. त्यामुळे हुशार मुलीलाही जवळजवळ निम्मे प्रश्न चुकल्यासारखे वाटतात. आपल्या मुली शाळेपासून ८५ टक्के, ९० टक्के गुणांच्या हिशेबात वाढलेल्या. परीक्षागृहात अर्ध्या तासात त्यांना वाटू लागते की, संपले, आपण बुडालो. मग हात थरथरतो, वाचन घाईचे होते, आणि जे येत असते तेही चुकते. भाचीचे पहिल्या वेळी हेच झाले. ८५ व्या प्रश्नाला यंत्र थांबले.

दुसऱ्या वेळचे कारण वेगळे होते, आणि ते अधिक विचार करण्यासारखे आहे. अनुत्तीर्ण उमेदवाराला ४५ दिवसांनंतर पुन्हा बसता येते, असा नियम आहे. भाचीने त्याचा अर्थ असा घेतला की, ४५ दिवसांनी बसलेच पाहिजे. दोन महिनेही पुरते झाले नाहीत तोच ती पुन्हा परीक्षागृहात. त्या मधल्या दिवसांत तिने काय केले? जी पुस्तके पहिल्या वेळी वाचली होती, तीच पुन्हा वाचली. पिवळ्या रंगाने अधोरेखित केलेल्या ओळी हिरव्या रंगाने अधोरेखित केल्या, एवढाच काय तो फरक.

इतिहास हा माझ्या आवडीचा विषय असल्याने येथे थोडे विषयांतर करतो. पन्हाळा शिवछत्रपतींनी पहिल्यांदा घेतला तो नोव्हेंबर १६५९ मध्ये, अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांत. १६६० मध्ये तो विजापूरकरांना द्यावा लागला. १६६६ च्या जानेवारीत महाराजांनी स्वतः रात्रीच्या वेळी पन्हाळ्यावर हल्ला केला. गडावरचे लोक सावध होते, ठरलेली कुमक वेळेवर आली नाही, बरीच माणसे कामी आली आणि माघार घ्यावी लागली. महाराजांच्या हयातीतले हे एक स्पष्ट अपयश आहे. आपण त्याविषयी फारसे बोलत नाही. पन्हाळा स्वराज्यात परत आला तो १६७३ मध्ये. मधे सात वर्षे गेली. आणि कसा आला? कोंडाजी फर्जंद अवघी साठ माणसे घेऊन रात्री अवघड कड्याच्या बाजूने वर चढला, गडावर पोहोचताच कर्णे फुंकले, आणि किल्ल्यातल्यांना वाटले की मोठी फौजच आली आहे. गड तोच, शत्रू तोच. वाट बदलली होती. १६६६ मध्ये जे केले तेच दुप्पट माणसे घेऊन करायचे, असे महाराजांनी ठरवले असते तर काय झाले असते, याची कल्पना करा.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये मी काही कामानिमित्त अमेरिकेत गेलो आणि सहा आठवडे भाचीकडे राहिलो. तेव्हा तिने अभ्यास जवळजवळ सोडला होता. घरात तो विषय निघत नसे. ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. तेथील मराठी मंडळाचा गणपती मोठा असतो. उकडीच्या मोदकांपासून अथर्वशीर्षापर्यंत सगळे यथासांग. भाची म्हणाली, "मामा, तू जा. मी येत नाही." कारण विचारले तर म्हणाली, "तिथे प्रत्येक बाई विचारते, परीक्षेचं काय झालं? काय सांगू?" विघ्नहर्त्याच्या दर्शनाला जायचीही चोरी! तिच्या सासूबाई मनाने चांगल्या आहेत. पण त्यांनी इकडे नातेवाइकांत सांगून ठेवले होते की, सुनेने स्वेच्छेने नोकरी केलेली नाही, तिला घरात लक्ष घालायचे आहे. एक खोटे झाकण्यासाठी सारे कुटुंब दोन खंडांत अभिनय करीत होते.

त्या रात्री मी माझ्या परीने तिला धीर दिला. म्हणालो, "अगं, काळजी करू नकोस. सगळं ठीक होईल." ती एकदम हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी. म्हणाली, "मामा, हे उत्तर चूक आहे."

मला कळेना. मग तिने समजावून दिले, आणि तेथून मला या परीक्षेत रस वाटू लागला. एनक्लेक्समध्ये रुग्णाशी कसे बोलावे, यावर प्रश्न असतात. उद्या शस्त्रक्रिया असलेली बाई म्हणते, "मला भीती वाटते, मी यातून उठणार नाही." परिचारिकेने काय म्हणावे? चार पर्यायांत एक हमखास असतो की, "काळजी करू नका, तुमचे डॉक्टर फार चांगले आहेत." आपल्याकडची दहातली आठ माणसे हाच पर्याय निवडतील. भाचीनेही निवडला होता. तो चुकीचा धरतात; कारण त्यात पोकळ धीर आहे. असे म्हटल्याने रुग्णाचे बोलणे तेथेच संपते. अपेक्षित उत्तर असे की, "तुम्हाला भीती वाटते आहे. कशाची वाटते, ते मला सांगाल?" म्हणजे दार उघडे ठेवायचे.

मी संस्कृतीचा अभिमानी माणूस आहे, आणि पहिल्यांदा मला हे पाश्चात्त्यांचे कोरडेपण वाटले. परंतु नंतर विचार केला तेव्हा जाणवले की, माझ्या भाचीला गेले वर्षभर आम्ही सगळे हेच चुकीचे उत्तर देत आलो होतो. "होईल गं", "देवाच्या मनात असेल तेव्हा होईल", "तू कोव्हिडमध्ये एवढं केलंस, ही परीक्षा म्हणजे काय!" प्रत्येक वाक्याने तिचे तोंड बंद केले. तिला कशाची भीती वाटते, हे कोणी विचारलेच नव्हते. मी विचारले. रात्री दोन वाजेपर्यंत ती बोलत होती.

दुसऱ्या दिवशी तिने एक कागद काढून दाखवला. अनुत्तीर्ण उमेदवाराला परिषदेकडून एक अहवाल मिळतो. परीक्षेतील प्रत्येक भागात तुम्ही रेषेच्या वर होता, आसपास होता की खाली होता, हे त्यात लिहिलेले असते. गुण नसतात. तिने तो दोन्ही वेळा पाकिटात घालून कपाटात ठेवला होता. अपयशाचा पुरावा म्हणून पाहवत नव्हता. आम्ही दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले. जेथे माझी अपेक्षा होती तेथे ती कच्ची नव्हती. गंभीर रुग्णाचे शरीरशास्त्र, गुंतागुंत ओळखणे, यात ती रेषेच्या वर. औषधांत आसपास. खाली होती ती दोन ठिकाणी: कामाचे व्यवस्थापन आणि रुग्णाची मनःस्थिती. म्हणजे जे तिने पुण्यात पाच वर्षे हातांनी केले, ते येत होते. जे तेथे कोणी तिला करूच दिले नव्हते, ते येत नव्हते.

व्यवस्थापन म्हणजे काय? समजा, परिचारिकेकडे चार रुग्ण आहेत. एकाला शस्त्रक्रियेनंतर वेदना होताहेत आणि तो ओरडतो आहे. दुसऱ्याची साखर १८० आहे. तिसऱ्याला घरी सोडायचे आहे, नातेवाईक खोळंबले आहेत. चौथा दम्याचा रुग्ण, मघापर्यंत त्याची घरघर दारापर्यंत ऐकू येत होती, आता शांत पडून आहे, थोडा गुंगीत आहे. पहिल्यांदा कोणाकडे जायचे? आपल्या वॉर्डात बहुधा जो ओरडतो किंवा ज्याचे नातेवाईक ओरडतात त्याच्याकडे जावे लागते. उत्तर चौथा. दम्यात घरघर अचानक थांबली याचा अर्थ हवा आत जाणेच थांबत आले आहे. अतिदक्षता विभागात काम केलेल्या मुलीला हे ठाऊक असते. पण त्याच्या पुढचा प्रश्न येतो की, उरलेली तीन कामे तुमच्या हाताखालच्या कोणत्या व्यक्तीला सांगाल? तेथे नोंदणीकृत परिचारिकेच्या हाताखाली कमी मुदतीचे शिक्षण घेतलेल्या परिचारिका आणि साहाय्यक असतात. स्थिर रुग्णाची नाडी, तापमान घेणे, अंघोळ घालणे साहाय्यकाला सांगता येते. रुग्णाची तपासणी करून निष्कर्ष काढणे, त्याला समजावून शिकवणे, उपचाराचा परिणाम जोखणे हे कोणावरही सोपवता येत नाही. आपल्याकडे मावशी आणि वॉर्डबॉय असतात, रुग्णाचे नातेवाईकच निम्मी शुश्रूषा करतात, आणि शंका आली की "डॉक्टरांना कळवा" हा राजमार्ग असतो.

या राजमार्गानेही तिला फसवले होते. रक्त चढवणे सुरू करून पंधरा मिनिटे झाली आहेत, रुग्णाला थंडी वाजू लागली, पाठीत दुखू लागले. पहिली कृती कोणती? तिने 'डॉक्टरांना कळवणे' निवडले होते. उत्तर आहे: प्रथम रक्त थांबवा, नव्या नळीने सलाईन सुरू ठेवून शीर उघडी ठेवा, मग कळवा. ती म्हणाली, "मामा, प्रत्यक्षात मी हेच केलं असतं. हात आधी नळीकडेच गेला असता. पण कागदावर मला वाटलं, नर्सने स्वतः निर्णय घेतला तर उद्धटपणा ठरेल." या एका वाक्यावर आपल्या रुग्णालयांच्या व्यवस्थापनांनी आणि डॉक्टर मंडळींनी एक बैठक घ्यावी, असे मला वाटते. दुर्दैवाने तसे होणार नाही.

या संदर्भात चरकसंहितेचे स्मरण होते. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाला तेथे वैद्याच्या बरोबरीने एक पाय मानले आहे, आणि त्याचे चार गुण दिले आहेत: उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. पहिला गुण ज्ञानाचा आहे, आज्ञाधारकपणाचा नव्हे. ज्या समाजाने परिचर्येला एवढे स्थान दिले, त्याच समाजात पुढे मध्यमवर्गीय घराने "मुलगी डॉक्टर झाली" म्हणून पेढे वाटले आणि "नर्स झाली" हे हळू आवाजात सांगितले. शंभर वर्षांपूर्वी रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने पुण्यात मुलींना, विशेषतः विधवांना, परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले तेव्हा त्यांना काय ऐकून घ्यावे लागले असेल, याची कल्पना येते. केरळातल्या कुटुंबांनी ही लाज केव्हाच टाकली. आपण अजून पूर्णपणे टाकलेली नाही.

आता अभ्यासाकडे. तिसऱ्या वेळी काय बदलले, ते सांगतो.

तिने एक साधी वही घेतली आणि तिला 'चुकांची वही' असे नाव दिले. रोज ७५ प्रश्न सोडवायचे. त्याला दीड तास पुरतो. मग प्रत्येक प्रश्नाचे स्पष्टीकरण वाचायचे, बरोबर आलेल्याचेसुद्धा. त्याला तीन तास. जे चुकले ते वहीत. वहीला तीन रकाने: हे मला ठाऊकच नव्हते, ठाऊक होते पण प्रश्न नीट वाचला नाही, दोन पर्यायांपर्यंत आले आणि चुकीचा निवडला. तीन आठवड्यांनी आम्ही बेरीज केली. पहिला रकाना सर्वांत लहान निघाला. म्हणजे जी मुलगी वर्षभर 'माझे वाचन कमी पडते' म्हणून पुस्तकांवर पुस्तके वाचत होती, तिचा रोग वाचनाचा नव्हताच. 'सर्वप्रथम', 'तातडीने', 'यापुढे शिकवण्याची गरज कोणत्या विधानातून दिसते' असे शब्द ती घाईत गिळत होती. त्यावर उपाय म्हणून ती प्रश्न मोठ्याने वाचू लागली आणि पर्याय पाहण्यापूर्वी प्रश्न स्वतःच्या शब्दांत मराठीत सांगू लागली. पहिले काही दिवस मीच श्रोता होतो. मला शरीरशास्त्र येत नसल्याचा तिला फायदाच झाला. मला कळेल असे सांगायचे म्हणजे आधी स्वतःला कळावे लागते.

तिसऱ्या रकान्याला वेळ लागला. तेथे तिचा मुख्य शत्रू होता अनुभव. तिचे मन सतत म्हणे, "असं कुठे असतं? एवढी माणसं कुठे असतात वॉर्डात?" शेवटी तिनेच एक वाक्य भिंतीवर लिहून लावले: 'एनक्लेक्सच्या रुग्णालयात माणसे कमी नसतात आणि हातमोजे संपत नाहीत.' त्या आदर्श रुग्णालयात पाय ठेवला की पुण्याचे रुग्णालय दाराबाहेर ठेवायचे.

औषधांच्या नावांची एक गंमत सांगतो. आपले पॅरासिटामॉल तेथे ॲसिटामिनोफेन होते, साल्ब्युटामॉलचे अल्ब्युटेरॉल होते आणि ॲड्रेनालिनचे एपिनेफ्रिन. ज्या औषधांच्या शेकडो कुप्या हातांनी फोडल्या, तीच प्रश्नात दिसल्यावर अनोळखी वाटतात. त्याची एक यादी करून स्वयंपाकघरात लावली होती. जावई चहा करता करता ती वाचत असत. आता त्यांनाही पाठ आहे.

२०२३ पासून या परीक्षेत रुग्णाची पूर्ण कहाणी देऊन त्यावर एकामागून एक सहा प्रश्न विचारण्याची पद्धत आली आहे. नोंदी, तपासण्यांचे अहवाल, तासातासाचे बदल हे सगळे समोर. त्यातले महत्त्वाचे काय, त्याचा अर्थ काय, सर्वांत घातक शक्यता कोणती, काय करता येईल, काय कराल, आणि केल्याचा उपयोग झाला का? याच भागात भाचीला आनंद वाटू लागला. म्हणाली, "हे तर रात्रपाळीसारखं आहे." मात्र ज्या जुन्या प्रश्नसंचांवर ती पहिल्यांदा बसली होती, त्यांत हा प्रकारच नव्हता. आपल्याकडच्या एका शिकवणीवर्गाने भरपूर शुल्क घेऊन बदलापूर्वीच्या छायाप्रती तिला दिल्या होत्या. नाव घेत नाही. येथील मुलींना एवढेच सांगतो की, पैसे भरण्यापूर्वी साहित्य एप्रिल २०२३ नंतरचे आहे का, हे स्वतः डोळ्यांनी पाहा.

आणि कोणी 'खात्रीचे प्रश्न' विकत असेल, फुटलेली प्रश्नपत्रिका आहे असे सांगत असेल, तर त्याच्या दारात उभे राहू नका. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या तपास यंत्रणेने फ्लोरिडातील एक मोठे प्रकरण उघडकीस आणले. काही नर्सिंग विद्यालयांनी सुमारे ७,६०० बनावट पदविका विकल्या होत्या. ते विकत घेणाऱ्यांपैकी सुमारे २,४०० जण ही परीक्षा उत्तीर्णही झाले, पण उरलेल्यांना तिनेच दारात अडवले. ज्या परीक्षेने माझ्या भाचीला दोनदा रडवले, तिच्याविषयी त्या दिवशी मला आदर वाटला. तुमच्या-माझ्या आईला रात्री तीन वाजता कोण तपासणार, याचा तो प्रश्न आहे.

रविवारी पूर्ण पाच तासांची सराव परीक्षा. फोन बंद, दार बंद, परीक्षेची जी वेळ तीच वेळ. पहिल्या दोन रविवारी तिसऱ्या तासानंतर तिचे उत्तरांचे प्रमाण धाडकन खाली येई. हा दोष बुद्धीचा नव्हता, दमाचा होता. एका जागी इतका वेळ बसण्याची सवयच गेली होती. पाच-सहा रविवारांत ती परत आली. गीतेत मन आवरण्याचे दोन उपाय सांगितले आहेत, अभ्यास आणि वैराग्य. अभ्यासाविषयी आपण पुष्कळ बोलतो. परीक्षेत वैराग्य म्हणजे मागचा प्रश्न सोडून देणे, एवढाच मर्यादित अर्थ मी घेतो. मागे जाता येतच नाही, तर मनाने तरी कशाला जायचे?

एक प्रश्न मला अशा मेळाव्यांत हमखास विचारला जातो, तो विचारला जाण्यापूर्वीच घेतो. आपल्या देशाला परिचारिका हव्या असताना या मुलींना परदेशी परीक्षेचे मार्गदर्शन का करायचे? प्रश्न प्रामाणिक आहे. माझे उत्तर असे की, जी मुलगी विवाहाने किंवा अन्य कारणाने तेथे पोहोचली आहे, तिचे कौशल्य स्वयंपाकघरात गंजू देण्यात देशाचे काही भले नाही. जी येथून जाऊ इच्छिते, तिने आधी डोळे उघडे ठेवून पाहावे: परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणजे विमानाचे तिकीट मिळाले असे नाही, भारतात जन्मलेल्यांसाठी कायम वास्तव्याच्या परवान्याची रांग दहा-दहा वर्षांहून मोठी आहे. दलाल हे सांगत नाहीत. आणि जी येथेच राहून सेवा करते, तिला आपण वेतन काय देतो, सन्मान काय देतो, रात्रपाळीनंतर घरी सुखरूप पोहोचवतो का, याची उत्तरे समाजाने द्यावीत. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियातून वैद्यकीय पदवी घेऊन परत येण्यासाठी निघाल्या. कोल्हापूरने त्यांच्यासाठी रुग्णालयात जागा ठेवली होती. जागा ठेवावी लागते, हेही लक्षात घ्या.

नोव्हेंबर २०२४ मध्ये भाची तिसऱ्यांदा बसली. तोवर मी परत आलो होतो. या वेळी यंत्र ८५ ला थांबले नाही, १०० ला नाही, १२० ला नाही. पुऱ्या १५० प्रश्नांपर्यंत गेले. बाहेर आल्यावर तिने नवऱ्याला सांगितले, "गेली बहुतेक." पण त्या संध्याकाळी ती घरात लपून बसली नाही. सासूबाईंना फोन करून म्हणाली, "आई, आज परीक्षा दिली, तिसऱ्यांदा. अवघड गेली." तिसऱ्यांदा हा शब्द त्या घरात प्रथमच उच्चारला गेला. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग सासूबाई म्हणाल्या, "जेवलीस का?" परीक्षेच्या हिशेबात हे उत्तर बरोबर धरतील की नाही, कोण जाणे. मी पूर्ण गुण देतो.

ती उत्तीर्ण झाली. आता तेथील एका रुग्णालयात रात्रपाळी करते.

माझ्यासमोर एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. "माझा आतापर्यंत तीनदा प्रयत्न झाला. घरी दोनदाच सांगितले आहे. अजून बसू देतील का? आणि घरी कसे सांगू?" खाली नाव नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: परिषदेच्या नियमाप्रमाणे ४५ दिवसांच्या अंतराने वर्षात आठ वेळांपर्यंत बसता येते; परंतु प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. फ्लोरिडासारख्या राज्यात तीन अपयशांनंतर उजळणीचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तू कोणत्या राज्याकडे अर्ज केला आहेस, त्या मंडळाचा नियम आधी पाहा. तिन्ही अहवाल काढून शेजारी शेजारी ठेव. पुढची तारीख लगेच घेऊ नकोस. वहीचा पहिला महिना पूर्ण झाल्यावर घे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला देता येणार नाही. कारण तुला कशाची भीती वाटते, हे मला ठाऊक नाही. ते ऐकायला मी तयार आहे. चहापान मागच्या दालनात आहे, मी शेवटच्या बसपर्यंत येथेच आहे. आईला बरोबर आणलेस तरी चालेल.